घरी जुळवलेल्या इंटेल संगणकावर मॅकओएस : ओपनकोअरच्या साहाय्याने, पायरीपायरीने

ॲपलने ६ जून २००५ रोजी आपले संगणक इंटेलच्या प्रोसेसरवर नेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २००६ मध्ये तसे पहिले मॅक बाजारात आले. त्या दिवसापासून मॅकच्या आतले सामान आणि आपण दुकानातून सुटे भाग आणून घरी जुळवतो त्या संगणकाच्या आतले सामान यांतला फरक फारच कमी उरला. तो उरलेला फरक सॉफ्टवेअरने भरून काढून मॅकओएस चालवले, की त्या यंत्राला हॅकिंटॉश म्हणतात. आरंभी कॅमेलिऑन, मग अनेक वर्षे क्लोव्हर आणि आता ओपनकोअर, असे या कामाचे बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू होताना कार्यप्रणालीला जागे करणारे प्रोग्राम, बदलत गेले. प्रस्तुत लेखात फक्त ओपनकोअरचा विचार केला आहे, कारण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरे काही वापरण्याचे कारण उरलेले नाही.

एक गोष्ट आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून स्वतःचे एम मालिकेतील प्रोसेसर वापरायला सुरुवात केली आणि जून २०२५ मध्ये, मॅकओएस ताहो म्हणजेच आवृत्ती २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, असे जाहीर केले. त्यामुळे हा मार्ग पुढे बंद होणार हे ठरलेले आहे. तेव्हा या कामासाठी नवे यंत्र विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र २०१७ ते २०२० या काळातला इंटेलचा डेस्कटॉप घरात पडून असेल आणि त्यावर अजून काही वर्षे उपयोगी काम करून घ्यायचे असेल, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे.

परवान्याचा प्रश्न

मॅकओएसच्या परवाना करारात ही प्रणाली ॲपलची मुद्रा असलेल्या संगणकावरच बसवावी, अशी अट आहे. घरी जुळवलेल्या यंत्रावर ती बसवणे हा त्या कराराचा भंग आहे आणि याबाबत शब्दच्छल करण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये असे तयार संगणक विकायला सुरुवात केली, तेव्हा ॲपलने त्याच वर्षी तिच्यावर दावा लावला. २००९ च्या अखेरीस न्यायालयाने तिला कायमची मनाई केली आणि २०११ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. असे यंत्र कोणाला विकू नये, पैसे घेऊन बसवून देऊ नये, आणि ज्या कार्यालयाला आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा हिशेब द्यावा लागतो तिथे ते ठेवू नये. घरी शिकण्यासाठी हे करणाऱ्यानेही आपण काय करतो आहोत हे जाणूनच करावे.

आपले यंत्र चालेल का

या कामातले निम्मे यश पेन ड्राइव्ह हातात घेण्यापूर्वीच ठरलेले असते. मॅकओएसमध्ये जगभरच्या सामानाचे ड्रायव्हर नाहीत. ॲपलने आपल्या मॅकमध्ये जे बसवले त्याचेच आहेत. म्हणून आपले यंत्र एखाद्या खऱ्या मॅकच्या जितके जवळ, तितका त्रास कमी. उदाहरणादाखल या लेखात मी पुढील जुळणी धरली आहे : इंटेल कोअर आय ५-८४०० प्रोसेसर, बी ३६० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी मेमरी, एएमडी रेडिऑन आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड आणि इंटेलचे लॅन. ही निवड योगायोगाने केलेली नाही. २०१९ चा २७ इंची आयमॅक इंटेलच्या आठव्या व नवव्या पिढीचे प्रोसेसर आणि रेडिऑन प्रो ५७० एक्स, ५७५ एक्स, ५८० एक्स ही कार्डे घेऊन आला होता. म्हणजे आपली जुळणी त्याची सख्खी नसली तरी चुलत भावंड नक्कीच आहे.

प्रोसेसर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या पिढीचा असेल तर उत्तम. अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स मॅकओएसला ओळखता येत नाही, कारण तसा प्रोसेसर असलेला मॅक ॲपलने काढलाच नाही. अशा यंत्रात वेगळे एएमडी कार्ड असेल तरच पुढे जाता येते. नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते. तिथेही हेच लागू आहे. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवरही मॅकओएस चालते, पण त्यासाठी कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, वेगळी ठिगळे लावावी लागतात, म्हणून नवशिक्याने तिकडे वळू नये.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र मुळीच तडजोड चालत नाही. एनव्हिडियाची नवी कार्डे २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून बाद झाली आणि केप्लर पिढीची जुनी कार्डे २०२१ च्या माँटेरेपासून. आरटीएक्स मालिकेतले कुठलेही कार्ड मॅकओएसमध्ये चालत नाही आणि चालवण्याची कोणतीही युक्ती नाही. एएमडीमध्ये आरएक्स ५७० व ५८०, व्हेगा, ५५०० एक्सटी, ५६०० एक्सटी, ५७०० एक्सटी, ६६०० एक्सटी, ६८०० व ६९०० एक्सटी ही कार्डे चालतात. पण मधलेच ६७०० एक्सटी चालत नाही आणि ७००० मालिका पूर्ण बाहेर आहे.

नाव सारखे असूनही आतली चिप वेगळी असण्याचा एक प्रकार आहे, त्याची ठेच मला स्वतःला लागली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून मी वापरलेले आरएक्स ५८० घेतले. खोक्यावर ५८० लिहिलेले होते, विंडोजमध्ये ते उत्तम चालले, पण मॅकओएसमध्ये ग्राफिक्सच्या प्रवेगाचा, म्हणजे कार्डाने स्वतः चित्र रंगवण्याचा, पत्ताच नव्हता. शोध घेतल्यावर कळले की ते ‘२०४८ एसपी’ प्रकारचे कार्ड होते, म्हणजे आत गाभा ५७० च्या तोडीचा आणि ओळखक्रमांक मॅकओएसला अपरिचित. म्हणून वापरलेले कार्ड घेताना दुकानातच जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवून शेडरची, म्हणजे कार्डातल्या गणन-घटकांची, संख्या पाहावी. ती २३०४ असेल तर ते खरे ५८०. २०४८ असेल आणि कार्ड ५८० म्हणून विकले जात असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. आरएक्स ५५० मध्येही लेक्सा आणि बॅफिन अशा दोन चिप येतात, त्यांतली लेक्सा चालत नाही.

एसएसडी बहुतेक चालतात. परंतु सॅमसंगची पीएम ९८१ आणि मायक्रॉनची २२०० एस या दोन एनव्हीएमई ड्राइव्हची कीर्ती वाईट आहे, आणि सॅमसंग ९७० इव्हो प्लसचे फर्मवेअर जुने असेल तर ते आधी अद्ययावत करून घ्यावे. वायफायचा मुद्दा शेवटी पाहू. स्थापनेच्या वेळी तारेचे लॅन हाताशी असणे मात्र आवश्यक धरावे.

कोणती आवृत्ती निवडावी

माझ्या मते २०२४ ची सेकोया, म्हणजे आवृत्ती १५. यामागे दोन कारणे आहेत. ताहोला पाठिंबा असलेल्या इंटेल मॅकच्या यादीत २०२० चा २७ इंची आयमॅक आहे, २०१९ चा नाही; म्हणजे आपले यंत्र ज्या मॅकचे सोंग घेणार, मॅकओएसला आपली ओळख म्हणून ज्याचे नाव सांगणार, त्या २०१९ च्या आयमॅकची धाव सेकोयापर्यंतच. दुसरे असे की ताहोतून ॲपलने ॲपलएचडीए हा जुना ध्वनी-ड्रायव्हर काढून टाकला आणि त्याच्याच आधारावर चालणारी ध्वनीची नेहमीची व्यवस्था त्यामुळे कोलमडली. ॲपलचा आजवरचा शिरस्ता ताज्या ३ आवृत्त्यांना सुरक्षा सुधारणा देत राहण्याचा आहे; तो टिकला तर सेकोयावर २०२७ पर्यंत निर्धास्त राहता येईल.

विंडोजमध्ये असतानाच करायची तयारी

यंत्रावर विंडोज चालू असेल तर ते पुसण्याची घाई करू नये, कारण तयारीची बरीच कामे तिथेच होतात. शक्य असल्यास मॅकओएससाठी वेगळी एसएसडी घ्यावी आणि विंडोजची ड्राइव्ह स्थापनेच्या काळात मदरबोर्डवरून काढून ठेवावी. एकाच ड्राइव्हवर दोन्ही प्रणाली बसवता येतात, परंतु विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर बूटची घडी विस्कटली की ती बसवण्यात जाणारा वेळ एसएसडीच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

पहिले काम म्हणजे यंत्राची कुंडली मांडणे. डिव्हाइस मॅनेजरमधून प्रोसेसरचे पूर्ण नाव, चिपसेट, लॅनची चिप, ध्वनीची चिप, वायफाय कार्ड आणि ड्राइव्हचे मॉडेल कागदावर उतरवून घ्यावे. ध्वनीच्या चिपचे नाव ‘रिअलटेक ऑडिओ’ एवढेच दिसत असेल तर मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात एएलसी ८८७, एएलसी ८९२ असा नेमका क्रमांक मिळतो.

दुसरे काम युएसबीच्या नकाशाचे. अनेक जण हे शेवटी करतात आणि मग संगणक झोपेतून उठत नाही म्हणून हैराण होतात. मॅकओएस एका युएसबी नियंत्रकावर १५ पोर्टांचीच दखल घेते. त्यातही निळा युएसबी ३ पोर्ट दोन पोर्ट म्हणून मोजला जातो, एक युएसबी २ च्या रूपाने आणि दुसरा युएसबी ३ च्या रूपाने. ही मर्यादा उठवणारी जुनी युक्ती मॅकओएस ११.३ पासून निकामी झाली आहे. म्हणून युएसबीटूलबॉक्स हे साधन विंडोजमध्ये चालवावे, प्रत्येक पोर्टात आधी युएसबी २ चा आणि मग युएसबी ३ चा पेन ड्राइव्ह लावून कोणती नोंद उजळते ते पाहावे, मग ठेवायचे १५ निवडून केक्स्ट तयार करून घ्यावा. केक्स्ट म्हणजे मॅकओएसचा ड्रायव्हर समजावा. ब्लूटूथ कार्डही आतून युएसबीलाच जोडलेले असते, त्याची नोंद विसरू नये आणि तिचा प्रकार ‘अंतर्गत’ असा ठेवावा.

तिसरे काम एसीपीआयचे. मदरबोर्ड आपल्या सामानाची माहिती कार्यप्रणालीला एसीपीआयच्या तक्त्यांतून देतो आणि ते तक्ते विंडोज डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. एसएसडीटीटाइम हे साधन आपल्याच यंत्राचे तक्ते वाचून त्यांना लागणाऱ्या पुरवण्या तयार करून देते. बी ३६० साठी चार पुरवण्या लागतात : प्रोसेसरच्या वीज-व्यवस्थापनासाठी प्लग, एम्बेडेड नियंत्रक आणि युएसबीच्या विजेसाठी ईसी-युएसबीएक्स, नव्या प्रकारच्या घड्याळाला जुने रूप देणारी एडब्ल्यूएसी आणि एनव्हीरॅममधल्या (यंत्र बंद असतानाही सेटिंग्ज जपणाऱ्या मेमरीतल्या) नोंदी टिकाव्यात म्हणून पीएमसी. यांपैकी एडब्ल्यूएसी वगळली तर बूट अगदी आरंभीच अडते.

पेन ड्राइव्ह तयार करणे

१६ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेसा आहे. तो एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर रुफस वापरावे, कारण विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत मोठ्या ड्राइव्हसाठी हा पर्याय दिसत नाही. ओपनकोअरच्या अधिकृत पुडक्यात युटिलिटीज या फोल्डरखाली मॅकरिकव्हरी नावाची पायथन लिपी (स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम) मिळते. डॉर्टानिया या गटाने ओपनकोअरसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक आवृत्तीसाठी चालवायची आज्ञा दिली आहे, तिच्यातली सेकोयासाठीची ओळ जशीच्या तशी घ्यावी. ‘लेटेस्ट’ हा शब्द असलेली ओळ घेतली तर भलतीच नवी आवृत्ती उतरते. या लिपीने ॲपलच्याच सर्व्हरवरून पुनर्प्राप्ती प्रतिमा येते. ती पेन ड्राइव्हच्या मुळाशी ‘कॉम.ॲपल.रिकव्हरी.बूट’ या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. संपूर्ण प्रणाली मात्र स्थापना सुरू असताना इंटरनेटवरून उतरते आणि ती १० जीबीहून अधिक असते, म्हणूनच तारेच्या लॅनचा आग्रह.

इंटरनेटवर ‘सर्व यंत्रांवर चालणाऱ्या’ तयार प्रतिमा आणि इतरांनी आपल्या यंत्रासाठी केलेले तयार ईएफआय फोल्डर (ओपनकोअर आणि त्याची सगळी जुळणी ज्यात असते ते) मुबलक मिळतात. पहिल्या प्रकारात आत काय भरले आहे हे कळायला मार्ग नाही, आणि जी प्रणाली आपले पासवर्ड सांभाळणार ती अनोळखी हातून घेणे शहाणपणाचे नाही. दुसऱ्या प्रकारात फसवणूक नसते, पण दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे ते आहे. बिघाड झाला की तो कुठे शोधायचा हेच आपल्याला माहीत नसते.

ईएफआय फोल्डरची बांधणी

ओपनकोअरचे डिबग, म्हणजे दोष शोधायला तपशीलवार नोंदी देणारे, पुडके घ्यावे. सर्व सुरळीत झाल्यावर रिलीज पुडक्यावर जाता येते. त्यातील एक्स ६४ फोल्डरमधला ईएफआय हा फोल्डर पेन ड्राइव्हच्या मुळाशी ठेवावा. ड्रायव्हर्समध्ये ओपनरनटाइम, एनव्हीरॅम साफ करण्याची सोय देणारा रिसेटएनव्हीरॅमएंट्री आणि एचएफएसप्लस एवढे तीनच ठेवावेत, बाकीचे खुशाल पुसावेत. पहिले दोन पुडक्यातच असतात, एचएफएसप्लस वेगळा उतरवावा लागतो. एसीपीआय या फोल्डरमध्ये वरच्या चार पुरवण्या जातात.

केक्स्टच्या फोल्डरमध्ये काय ठेवायचे हे समजून घेतले तर सगळ्या प्रकाराचे मर्म कळते. लिलू हा पायाभूत केक्स्ट आहे. इतर केक्स्टना मॅकओएसमध्ये ठिगळे लावण्याची सोय तो करून देतो, म्हणून त्याचा क्रम नेहमी पहिला. व्हर्च्युअलएसएमसी हा खऱ्या मॅकमधल्या एसएमसी या चिपचे सोंग घेतो. मॅकओएस बूट होताना या चिपकडून काही किल्ल्या मागते आणि त्या मिळाल्या नाहीत तर चालण्यास नकार देते. या तपासणीच्या ॲपलच्या केक्स्टचे नावच ‘मॅक ओएस एक्स चोरू नका’ अशा अर्थाचे आहे. व्हॉटएव्हरग्रीन ग्राफिक्ससाठी, ॲपलएएलसी ध्वनीसाठी, इंटेलमाऊसी इंटेलच्या लॅनसाठी. लॅन रिअलटेक ८१११ असेल तर त्याऐवजी रिअलटेकआरटीएल ८१११. यांच्या जोडीला आपण तयार केलेला युएसबीचा नकाशा आणि युएसबीटूलबॉक्सचा केक्स्ट. डेस्कटॉपला यापेक्षा जास्त काही लागत नाही. ‘असावा बरोबर’ म्हणून घातलेला प्रत्येक जादा केक्स्ट हा उद्याचा बिघाड असतो.

कॉन्फिग.प्लिस्ट

पुडक्यातील सॅम्पल.प्लिस्ट ओसी फोल्डरमध्ये आणून तिचे नाव कॉन्फिग.प्लिस्ट करावे (ओपनकोअरच्या सर्व सेटिंग्ज या एकाच फाइलीत असतात) आणि ती प्रॉपरट्री या संपादकात उघडावी. ओपनकोअरच्या नावाने फिरणारी सजवलेली संपादक-साधने टाळावीत, कारण ती न विचारता जादा किल्ल्या, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदी, भरतात. प्रॉपरट्रीमधील ओसी क्लीन स्नॅपशॉट ही आज्ञा दिली की आपण ठेवलेल्या पुरवण्या, केक्स्ट आणि ड्रायव्हर आपोआप नोंदले जातात. मग डॉर्टानियाच्या मार्गदर्शिकेतले ‘कॉफी लेक डेस्कटॉप’ हे प्रकरण समोर ठेवून एकेक विभाग भरत जावे. सर्व किल्ल्या येथे पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. जिथे चुका होतात तेवढ्या जागा सांगतो.

बूटर विभागातल्या क्वर्क्समध्ये, म्हणजे यंत्राच्या खोडी सांभाळणाऱ्या किल्ल्यांमध्ये, आठव्या-नवव्या पिढीसाठी डिव्हर्च्युअलाइझएमएमआयओ, रीबिल्डॲपलमेमरीमॅप आणि सिंकरनटाइमपरमिशन्स चालू, तर एनेबलराइटअनप्रोटेक्टर बंद असावे लागते. झेड ३९० चा बोर्ड असेल तर प्रोटेक्टयूईएफआयसर्व्हिसेसही चालू करावे. ओपनकोअरच्या नमुन्यात या जागा जुन्या यंत्रांच्या सोयीने ठेवलेल्या असल्यामुळे त्या तशाच सोडल्या की बूट पहिल्या काही ओळींतच थिजते.

डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये अंगच्या यूएचडी ६३० ग्राफिक्ससाठी ओळख द्यायची असते. पडदा एएमडी कार्डाला जोडलेला असताना अंगच्या ग्राफिक्सला ‘बिनपडद्याची’ ओळख द्यावी. मग ते चित्र दाखवत नाही, पण व्हिडिओच्या संकेतीकरणाचे काम करत राहते. वेगळे कार्ड नसेल तर पडदा चालवणारी ओळख द्यावी. या दोहोंत गल्लत झाली, की प्रणाली चालू असूनही पडदा काळा राहतो.

कर्नलच्या क्वर्क्समध्ये डिसेबलआयओमॅपर चालू ठेवावे. बायोसमध्ये सीएफजी लॉक (प्रोसेसरच्या वीज-व्यवस्थापनाच्या नोंदीला लावलेले कुलूप) बंद करण्याची सोय नसेल तर ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक चालू करावे. एक्सएचसीआयपोर्टलिमिट बंदच ठेवावे. नकाशा आपण आधीच केला आहे. मिसेलेनियसच्या सुरक्षा भागात व्हॉल्ट ही किल्ली ‘ऑप्शनल’ आणि स्कॅनपॉलिसी शून्य करावी, नाहीतर ओपनकोअर आरंभीच अडते किंवा त्याच्या यादीत पेन ड्राइव्ह दिसतच नाही. बूटच्या वेळी द्यायच्या शब्दांत तपशील दाखवणारा ‘-व्ही’ आणि ध्वनीसाठी ‘एएलसीआयडी=१’ ठेवावेत. कार्ड ५५०० एक्सटीपासून पुढचे असेल तर ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’ जोडावे; ५८० ला त्याची गरज नाही.

प्लॅटफॉर्म इन्फो हा सर्वांत नाजूक विभाग आहे. जेनएसएमबायोस या साधनातून आयमॅक १९,१ या, म्हणजे २०१९ च्या २७ इंची आयमॅकच्या, मॉडेलचा अनुक्रमांक, बोर्डाचा क्रमांक आणि यूयूआयडी तयार करून भरावेत आणि रॉमच्या जागी आपल्या लॅनचा एमएसी (MAC) पत्ता, म्हणजे लॅनच्या चिपचा स्वतःचा ओळखक्रमांक, द्यावा. तयार झालेला अनुक्रमांक ॲपलच्या हमी तपासण्याच्या पानावर घालून पाहावा. तिथे तो ओळखला गेला नाही, तर तो वापरण्यास योग्य. एखाद्या खऱ्या संगणकाची माहिती दिसली, तर तो कोणाचा तरी आहे. तो टाकून दुसरा तयार करावा. दुसऱ्याचा क्रमांक वापरणे गैर तर आहेच, शिवाय त्यामुळे आपले ॲपल खाते अडकण्याची शक्यता असते. आयमॅक १९,१ निवडण्याचा आणखी एक फायदा असा की त्या मॅकमध्ये टी २ ही सुरक्षा-चिप नव्हती, त्यामुळे टी २ असलेल्या मॉडेलांचे सोंग घेताना अपडेट मिळण्यात जी अडचण येते ती इथे येत नाही. एफ मालिकेचा प्रोसेसर असेल तर मॅकप्रो ७,१ घ्यावे.

शेवटी पुडक्यातील ओसीव्हॅलिडेट हे साधन या फाइलवर चालवावे. ओपनकोअर, सॅम्पल.प्लिस्ट आणि ओसीव्हॅलिडेट ही तिन्ही एकाच आवृत्तीची असली पाहिजेत. एकही दोष उरलेला नाही असे उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नये.

बायोस

फास्ट बूट, सिक्युअर बूट, सीएसएम, सिरियल पोर्ट आणि सीएफजी लॉक बंद करावेत. व्हीटी-एक्स, अबव्ह ४जी डिकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू, साटा एएचसीआय पद्धतीवर, आणि अंगच्या ग्राफिक्सची मेमरी ६४ एमबी ठेवावी. विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल तर सिक्युअर बूट बंद करण्यापूर्वी ते स्थगित करून पुनर्प्राप्तीची किल्ली दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी. विंडोज साटाच्या रेड पद्धतीवर बसवलेले असेल तर एएचसीआय करताच ते सुरू होणार नाही, याचाही आधी विचार करावा.

स्थापना

पेन ड्राइव्ह युएसबी २ च्या पोर्टाला लावून बूट केल्यावर ओपनकोअरची यादी दिसते. एकदा एनव्हीरॅम साफ करून पेन ड्राइव्हवरील पुनर्प्राप्तीची नोंद निवडावी. पडद्यावरून अक्षरांचा पूर वाहतो, तो वाहू द्यावा. काही मिनिटांनी खिडकी आली की प्रथम डिस्क युटिलिटी उघडावी, ‘सर्व उपकरणे दाखवा’ हा पर्याय निवडावा आणि नव्या एसएसडीचा वरचा, म्हणजे पूर्ण ड्राइव्हचा, थर निवडून तो एपीएफएस व जीयूआयडी पद्धतीने पुसावा. वरचा थर न निवडता आतला भाग पुसला, तर जीयूआयडीचा पर्यायच दिसत नाही. पुसण्यापूर्वी ड्राइव्हचे नाव आणि आकार दोनदा वाचावा. विंडोजची ड्राइव्ह काढून ठेवण्याचा सल्ला याचसाठी होता.

त्यानंतर स्थापना सुरू करावी. संगणक तीन-चार वेळा आपोआप बंद होऊन सुरू होतो. प्रत्येक वेळी यादीतून ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ ही नोंद निवडावी, पुनर्प्राप्तीची नाही. ती निवडली तर आपण पुन्हा आरंभी येतो आणि काम बिघडले असे वाटते. इन्स्टॉलरची नोंद नाहीशी होऊन आपण ड्राइव्हला दिलेले नाव दिसू लागले, की शेवटचा टप्पा आला. पहिल्या स्वागतपडद्यांवर ॲपल खात्यात प्रवेश करणे टाळावे. ते काम नंतरचे.

बूट अडले तर

अडलेल्या ठिकाणची शेवटची ओळ मोबाइलवर टिपून घ्यावी, कारण निदान तिच्यावरूनच होते. ‘एक्झिटबीएस स्टार्ट’ या शब्दांवर थांबले तर बूटरचे क्वर्क्स चुकले आहेत असे समजून तो विभाग पुन्हा तपासावा. मूळ उपकरणाची अजून वाट पाहत आहे अशा अर्थाची ओळ वारंवार येत असेल किंवा गोलातली तिरकी रेघ दिसली, तर प्रणालीला पेन ड्राइव्हच सापडत नाही. दोष युएसबीच्या नकाशात असतो किंवा पोर्ट बदलून भागते. अक्षरे नीट वाहून ऐन शेवटी पडदा काळा झाला, तर ग्राफिक्सची ओळख किंवा केबलचा पोर्ट तपासावा. माझा स्वतःचा अनुभव असा, की अडलेल्या दहांतली सात प्रकरणे मार्गदर्शिकेतली एखादी ओळ नजरेतून सुटल्याची असतात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. चार बदल एकदम करून यंत्र चालू झाले, तरी कशामुळे झाले हे कळत नाही.

स्थापनेनंतर

आतापर्यंत संगणक पेन ड्राइव्हच्या आधारावर उभा आहे. एसएसडीवर ईएफआय नावाचा २०० एमबीचा लपलेला विभाग असतो. तो माउंटईएफआय या साधनाने उघडून पेन ड्राइव्हवरचा ईएफआय फोल्डर त्यात उतरवावा, मग पेन ड्राइव्ह काढून बूट करून पाहावे.

आवाज येत नसेल तर एएलसीआयडीचा क्रमांक बदलावा. प्रत्येक चिपसाठी चालणाऱ्या क्रमांकांची यादी ॲपलएएलसीच्या दस्तऐवजात आहे. त्यातले एकेक घालून पाहण्याला पर्याय नाही. झोपेची परीक्षा मेनूमधून संगणक झोपवून करावी. झोपताच तो जागा झाला तर दहातल्या नऊ वेळा दोष युएसबीच्या नकाशातच सापडतो. फेसटाइम आणि आयमेसेज हवे असतील तर लॅनची नोंद ‘ईएन शून्य’ अशी आणि अंगभूत म्हणून दिसते आहे याची खात्री केल्यावरच ॲपल खात्यात प्रवेश करावा. खात्यात अयशस्वी प्रयत्न पुन्हा पुन्हा करणे महागात पडते.

वायफायची कहाणी सुखाची नाही. खऱ्या मॅकमध्ये असलेली ब्रॉडकॉमची जुनी कार्डे पूर्वी विनातक्रार चालत, परंतु २०२३ च्या सोनोमापासून ॲपलने त्यांचा आधार काढला. ती चालवायची तर प्रणालीच्या मूळ विभागाला ठिगळ लावावे लागते आणि त्यासाठी सुरक्षेच्या काही कड्या सैल कराव्या लागतात. हे मला पटत नाही. इंटेलचे कार्ड असेल तर आयटीएलडब्ल्यूएम हा केक्स्ट आणि हेलीपोर्ट हे छोटे ॲप वापरून वायफाय मिळते, मात्र एअरड्रॉप मिळत नाही. तार ओढणे शक्य असेल तर तीच ओढावी.

विंडोज वापरणाऱ्याच्या एक गंमत लक्षात येईल : मॅकओएसमधून परत विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असते. मॅकओएस मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते, विंडोज स्थानिक वेळ गृहीत धरते, आणि भारतात राहणाऱ्याला त्यातला फरक नेमका साडेपाच तासांचा दिसतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ केली की दोघांचे जमते. विंडोज मात्र ओपनकोअरच्या यादीतून सुरू न करता बायोसच्या बूट-मेनूतून करावे, नाहीतर आपल्या एसीपीआयच्या पुरवण्या आणि आयमॅकची ओळख विंडोजलाही दिली जाते आणि त्याच्या परवान्याची नोंद बिघडू शकते.

अपडेट

आपोआप अपडेट होण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. सुरक्षा सुधारणा आली की आठवडाभर थांबावे, मग टाइम मशीनने बाहेरच्या ड्राइव्हवर पूर्ण प्रत घ्यावी. ओपनकोअर आणि सर्व केक्स्ट नव्या आवृत्तीचे करून आधी पेन ड्राइव्हवर ठेवावेत आणि त्यावरून बूट करून पाहावे. ते नीट चालले तरच एसएसडीवरचा ईएफआय बदलावा आणि सर्वांत शेवटी मॅकओएस अपडेट करावे. ओपनकोअरची आवृत्ती बदलली की कॉन्फिग.प्लिस्टमध्ये नव्या किल्ल्या येतात, म्हणून जुनी फाइल तशीच पुढे न ओढता नव्या नमुन्याशी ताडून पाहावी आणि ओसीव्हॅलिडेट पुन्हा चालवावे. सेटिंग्जमध्ये ताहोवर जाण्याचे निमंत्रण दिसले तर त्याखालील लहान अक्षरांत सेकोयाची सुधारणा वेगळी दिलेली असते, तिच्यावर टिचकी मारावी. चालू असलेल्या ईएफआयची एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घालून, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून, तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला टेपने लावून ठेवावा.